बेसा भागातलं एक घर आणि दोन व्हॅक्यूम क्लीनर : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

माझं दुकान दुरुस्तीचं, दक्षिण नागपुरात. दिवाळी सरली की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास येतात : न लागणाऱ्या लायटिंगच्या माळा आणि भाजणी दळून दळून मोटार जळालेले मिक्सर. अलीकडे त्यांत तिसरी भर पडली आहे, व्हॅक्यूम क्लीनरची. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले आणि दिवाळीतच बंद पडलेले.

हे प्रकरण त्यातल्याच एका मशीनपासून सुरू झालं. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.

घर बेसा भागात, चौथ्या मजल्यावर, टू बीएचके. नवराबायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि मुलाची आजी. नवरा नोकरीवाला, बायको कॉलेजात शिकवते. तिला मी वहिनी म्हणतो, इथेही तसंच लिहितो. इमारतीच्या एका बाजूला मोकळा प्लॉट, दुसऱ्या बाजूला दोन बांधकामं चालू, समोरून दिवसभर रेतीचे ट्रक. आपली काळी माती पावसात चपलेला चिकटून घरात येते आणि उन्हाळ्यात तीच भुकटी होऊन खिडकीतून येते. सकाळी टीव्हीवर फडकं मारलं तर संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. मुलाला सकाळी उठल्या उठल्या शिंकांची सर यायची, कधी रात्री दम लागायचा. डॉक्टरांनी औषध दिलं होतं आणि घरातली धूळ कमी करा असं सांगितलं होतं.

झाडू-पोछ्याला सकाळी मावशी यायच्या. घरात सगळीकडे दोन बाय दोनच्या टाइल्स, गालिचा कुठेच नाही. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

अडचण

वहिनी दुकानात आल्या त्या हातात बिनवायरीचा, काठीसारखा उभा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन. ऑनलाइन सेलमध्ये नऊ हजारांना घेतलेला. तक्रार अशी, की पहिले पंधरा दिवस छान ओढायचा, मग ओढेनासा झाला आणि आता चालू केला की कुबट वास येतो. "भाऊ, बॅटरी गेली वाटते. नवी टाकून द्या."

खोलून पाहिला. बॅटरी ठणठणीत होती. आत तीन गोष्टी निघाल्या. खालच्या फिरत्या ब्रशला लांब केसांचा इतका घट्ट पीळ बसला होता की कात्रीने कापून काढावा लागला. फिल्टरच्या घड्यांमध्ये गुलाबी-पांढरा थर. मी विचारलं, रांगोळी ओढली का? ओढली होती, पाडव्याची. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती फिल्टरच्या घडीत बसली की झटकून निघत नाही. मग कुणीतरी तो फिल्टर नळाखाली धुतला आणि तासाभरात ओलाच परत बसवला. धुता येणारा फिल्टरसुद्धा पूर्ण दिवसभर, २४ तास तरी, सावलीत वाळवावा लागतो. ओला बसवला की आतल्या धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते आणि ओलावा मोटारीपर्यंत जातो. वास तिथूनच येत होता. मोटारीच्या बेअरिंगला गंज चढायला लागला होता.

हा झाला मशीनचा बिघाड. पण मी सहज विचारलं, "हे चालवतं कोण?" तिथे खरी गोष्ट कळली. घेतल्यावर आठ दिवस सगळ्यांनी चालवलं, मुलानेही. मग ते मावशींच्या हाती दिलं. मावशींनी दोन दिवस चालवलं आणि सांगून टाकलं, "मले नाही जमत ताई. माह्या झाडूनं दहा मिनिटात घर होते, हे घेऊन मी दुपारपर्यंत फिरत राहू का?"

मावशींचं बरोबर होतं. टाइल्सवर झाडू आणि ओला पोछा यांच्या जोडीला हरवणं कुठल्याही मशीनला अवघड आहे. फिरता ब्रश मुळात गालिच्यातली धूळ उपटायला केलेला; गुळगुळीत फरशीवर तो जाड रेतीचे कण ओढण्याआधी इकडेतिकडे उडवतोसुद्धा. झाडू जे काम फुकटात करत होता, तेच काम करायला नऊ हजार गेले होते. आणि झाडू जिथे पोचतच नाही त्या गाद्या, सोफा, पडदे आणि खिडक्यांच्या पट्ट्या मशीन आल्यावरही तशाच राहिल्या होत्या.

पर्यायांची झाडाझडती

मोटार बदलायला अडीच हजारांच्या आसपास आले असते. मी सल्ला दिला की करू नका. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाच, पण तेच मशीन सहा महिन्यांनी परत आलं असतं आणि शिव्या मला पडल्या असत्या. बॅटरीच्या मशीनबद्दल आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे ऊन. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत बंद बाल्कनीत चार्जिंगला लावून ठेवलं की तिचं आयुष्य भराभर घटतं. शिवाय खोक्यावर लिहिलेली चाळीस मिनिटं ही सगळ्यात हळू वेगावरची असतात. गादीला जो जोर लागतो त्या वेगावर बरीचशी मशीनं दहा-बारा मिनिटांत मान टाकतात.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. त्याचा जीव रोबोवर. ऑफिसात असताना मोबाइलवरून घर झाडायचं, ही कल्पनाच त्याला आवडली होती. मी त्याला घरी जाऊन पट्टीने दोनच मापं घ्यायला सांगितली : बाथरूम आणि बाल्कनीचे उंबरठे किती उंच, आणि दिवाणाखाली जागा किती. रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत चढतो. यांचा बाल्कनीचा उंबरठा पाच सेंटिमीटरचा निघाला. दिवाणाखाली रोबो जेमतेम शिरला असता, पण तिथे आजीच्या ट्रंका. आणि मुख्य म्हणजे रोबो गादीवर चढत नाही. तो फरशी झाडतो. पुन्हा तेच, झाडूचं काम.

यानंतर तो सीताबर्डीच्या एका दुकानात जाऊन आला. तिथे त्याला सांगण्यात आलं, "सोळाशे वॉटचा घ्या साहेब, जितके वॉट जास्त तितकी ओढ जास्त." हे इतक्या जणांना सांगितलं जातं की थोडं थांबून लिहितो. वॉटचा आकडा म्हणजे मशीन वीज किती खातं, तेवढंच. ओढ ठरते हवा किती जोराने आणि किती प्रमाणात खेचली जाते यावर. पाइप, नोझल, फिल्टर यांची रचना चुकली तर सोळाशे वॉटही नुसता आवाज करतात. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॉटची आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही घाण झाली नाहीत. आपल्याकडे दुसरीही भानगड आहे. २३० व्होल्टवर १६०० वॉट म्हणजे जवळपास ७ अँपिअर. घरातला साधा छोटा पॉइंट ६ अँपिअरचा. मोठे पॉइंट यांच्याकडे फक्त एसी आणि गीझरला, म्हणजे सोफ्यापर्यंत जायला एक्स्टेन्शन बोर्ड आलाच. अशा बोर्डात तासभर चाललेल्या मशीनचा प्लग माझ्या टेबलावर पडलेला असतो. त्याच्या एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलं आहे. गिऱ्हाइकाला समजवायला मी तो मुद्दाम ठेवला आहे. १२०० वॉटचं मशीन सव्वापाच अँपिअरच्या आसपास घेतं आणि छोट्या पॉइंटवर निभावतं.

राहिले दोन. एक, पिशवीचा, जमिनीवर मागे मागे ओढत न्यायचा, बंदिस्त आणि चांगल्या फिल्टरचा. दुसरा, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा पिंपासारखा, ज्याला मागून हवा फेकायचा ब्लोअरही असतो. बिनपिशवीचे, पारदर्शक डब्याचे मी या घरापुरते बाद केले. त्यांत पिशवीचा खर्च नाही हे खरं, पण डबा रिकामा करताना धुळीचा जो ढग उठतो तो दम्याच्या मुलाच्या घरात नको.

एक पर्याय आजीने सुचवला आणि तो कुणी मनावर घेतला नव्हता. "बाबू, आमच्या वेळी गाद्या उन्हात टाकायचो ना." म्हातारीचं अगदी खरं. गादीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे कीटक असतात, त्यांच्या विष्ठेने शिंका येतात. त्यांना ओलावा लागतो. नागपूरचं कडक ऊन आणि कोरडी हवा त्यांना मानवत नाही. पूर्वी कापसाच्या गाद्या मे महिन्यात गच्चीवर पडायच्या, दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडे जायच्या. आता आठ इंची फोमची गादी दोन माणसांना उचलत नाही आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. शिवाय उन्हाळाभर कूलर चालतो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते तेव्हा आपण बेडरूममध्ये रात्रभर ओलसर हवा भरत असतो, म्हणजे कीटकांची सोयच.

निर्णय कसा झाला

मी त्यांना लगेच काही घेऊ दिलं नाही. दुकानातलं एक जुनं पिंपवालं मशीन आणि एका गिऱ्हाइकाने न नेलेलं पिशवीवालं मशीन, दोन्ही काही दिवसांसाठी घरी दिली.

घरी प्रात्यक्षिक देणारे विक्रेते पाइपच्या तोंडात पांढरा रुमाल किंवा काळं फडकं लावून गादीवर फिरवतात आणि त्यावरची माती दाखवतात. दृश्य धक्कादायक असतं, पण त्यातून इतकंच कळतं की गादीत धूळ आहे. कुठल्याही मशीनने, कुठल्याही गादीतून, कधीही निघेल. दोन मशीनांतलं कोणतं चांगलं हे त्यातून कळत नाही.

आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, स्वयंपाकघरातला वजनकाटा. पिशवी आधी तोलली, मुलाच्या गादीची एक बाजू पाच मिनिटं ओढली, पुन्हा तोलली : ४१ ग्रॅम. पिठासारखी राखाडी धूळ, त्यात लोकरीचे बारीक गोळे. पुढच्या रविवारी त्याच बाजूतून १२ ग्रॅम, त्याच्या पुढच्या रविवारी ७. त्यावरून वेळापत्रक आपोआप ठरलं : सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी चालेल.

दुसरी गोष्ट रात्री केली. खोलीतले दिवे बंद, मशीन चालू, आणि मागे जिथून हवा बाहेर पडते तिथे मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. पिंपवाल्याच्या मागून उजेडाच्या झोतात कण नाचत बाहेर येताना स्पष्ट दिसत होते. पिशवीवाल्याच्या झोतात जवळपास काही नाही. सगळ्यात बारीक कण टॉर्चमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण ज्याच्या मागून उघड्या डोळ्यांना धूळ दिसते ते मशीन दम्याच्या पोराच्या खोलीत चालवायचं नाही, एवढं ठरवायला पुरेसं. वहिनी तेव्हाच म्हणाल्या, "म्हणजे हे खालची धूळ वर करून राहिलं!"

फिल्टरबद्दल मी एकच गोष्ट बघायला सांगितली. हेपा म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर. खोक्यावर नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. दर्जा लिहिलेला हवा. एच १३ म्हणजे सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवणारा. आणि फिल्टर चांगला असून डब्याच्या फटीतून हवा सुटत असेल तर तो असून नसल्यासारखा.

शेवटचा प्रश्न हाताचा होता : मशीन कोण चालवणार? हे मी नवऱ्यासमोर विचारलं. मावशी नाही म्हणाल्या होत्या, वहिनींना सकाळी कॉलेज. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "रविवारी मी करतो." तर्री पोहे आणायला जातो त्याच्या आधी अर्धा तास. मला फारसा भरवसा नव्हता, पण त्याने कबूल केलं ते आईसमोर केलं.

काय केलं

डिसेंबरात १२०० वॉटचं पिशवीवालं मशीन घेतलं, साडेदहा हजारांना. घेण्याआधी त्यांनी माझ्या सांगण्यावरून दुकानदाराला विचारलं की पिशव्या, फिल्टर आणि पाइप नागपुरात मिळतात का आणि सर्व्हिस सेंटर शहरात आहे का. "सगळं मिळते हो" असं उत्तर आलं. इथे आम्ही कमी पडलो, ते पुढे सांगतो.

कामाची वाटणी अशी झाली. फरशी मावशींची, झाडू आणि पोछा, त्यात बदल नाही. फक्त कोरडं फडकं बंद करून ओलं सुरू केलं, कारण कोरड्याने धूळ टीव्हीवरून उठून सोफ्यावर बसते. गाद्या, सोफा, उशा नवऱ्याकडे. मशीन चालू असताना आणि नंतर तासभर मुलगा त्या खोलीत नाही. चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात. गादीला आणि उशीला चेन असलेली घट्ट विणीची खोळ चढवली. मुलाच्या खोलीतला जाड पडदा उतरवून धुता येईल असा साधा लावला. व्हॅक्यूमने जिवंत कीटक फारसे निघत नाहीत, ते धाग्याला धरून बसतात. निघते ती त्यांची विष्ठा आणि मेलेले कीटक. त्यामुळे मशीन एकटं पुरणार नाही हे आधीच बोलून घेतलं होतं.

काय झालं

पहिले दोन महिने उत्तम गेले. नवऱ्याचे दोन रविवार चुकले, बाकी पाळले.

फेब्रुवारीअखेर फोन आला, मशीन चालता चालता बंद पडलं. गेलो. बाहेरून हात लावला तर तापलेलं. पिशवी काढली, ती अर्धीच भरली होती, म्हणून त्यांनी बदलली नव्हती. पण शेजारच्या बांधकामाची सिमेंटसारखी बारीक धूळ पिशवीच्या आतल्या अंगाला लिंपल्यासारखी बसली होती. हवा जायला वाट नाही, मोटार तापली, आतल्या उष्णतेच्या स्विचने तोडलं. थंड झाल्यावर आपोआप चालू झालं. पिशवी भरली का हे डोळ्यांनी न बघता ओढ कमी झाली का हे बघायचं, हे मी आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

नवी पिशवी घालायला गेलो तर पाकीट संपलेलं. आणि "सगळं मिळते" म्हणणाऱ्या दुकानात ती पिशवी नव्हती. मागवावी लागेल, पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत आजीने जुनी पिशवी बाल्कनीत झटकून, तळाला दोरा घालून शिवून परत लावली. शिवण बारीक होती, पण सुईच्या भोकांतून धूळ गळायचीच. मुलाच्या शिंका त्या आठवड्यात वाढल्या असं वहिनी सांगतात. मला ते पटतं, पण खात्री देता येत नाही.

मग मार्च आला आणि कूलर काढायची वेळ झाली. नऊ महिने पडून असलेल्या कूलरच्या गवतात आणि जाळ्यांत जी धूळ साठते, ती काढायला ओढणारं नाही, फुंकणारं मशीन लागतं. ब्लोअर यांच्या मशीनला नाही. तसाच कोरडा कूलर एकदा चालू केला असता तर वर्षाची धूळ थेट बेडरूममध्ये. शेवटी गवत नवं घातलं, टाकी आणि जाळ्या खाली नेऊन पाण्याच्या पाइपने धुतल्या, आणि पंख्याच्या मागचा भाग माझ्याकडचं पिंपवालं मशीन नेऊन बाल्कनीत फुंकला. हे दरवर्षी करावं लागणार.

मुलाच्या तब्येतीचं म्हणाल तर सकाळच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या, रात्रीचा दम उन्हाळ्यात दोनदाच लागला. याचं श्रेय मशीनला द्यायला नवरा तयार आहे, मी नाही. खोळ, पडदा, गरम पाणी, नवं गवत, डॉक्टरांचं औषध हे सगळं एकाच काळात चालू होतं. मला विचाराल तर सगळ्यात मोठा वाटा त्या आठशे रुपयांच्या खोळीचा असावा. हा माझा अंदाज आहे.

पुन्हा करायचं झालं तर

ती काठी घेण्याआधी कुणीतरी घरात फिरून झाडू कुठे पोचत नाही ते बघितलं असतं तर नऊ हजार वाचले असते. ते माझ्याकडे येण्याआधीचं. माझ्या सल्ल्यातल्या चुकांचं बोलतो.

मी मुलाच्या खोलीकडे बघत राहिलो आणि कूलर विसरलो. नागपुरात बसून कूलर विसरणं म्हणजे कमालच. आज मी त्यांना पिंपवाल्याच प्रकारातलं, पण आत कापडी किंवा कागदी पिशवी घालता येणारं आणि बंदिस्त एच १३ फिल्टर बसणारं मशीन शोधायला सांगितलं असतं. किंमत तीन-चार हजारांनी वाढली असती आणि माळ्यावरची जागा अडली असती, पण ब्लोअर मिळाला असता. वहिनींचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, पिंप उचलून बाहेर काढायचा कंटाळा आला असता आणि दोन महिन्यांत ते माळ्यावर गेलं असतं. तेही नाकारता येत नाही; माझ्याकडे आलेली अर्धी मशीनं माळ्यावरूनच उतरलेली असतात.

आणि पिशव्यांचं. "मिळते का" असं विचारायचं नाही. मशीन घेतानाच दोन पाकिटं मागायची. दुकानदाराने काउंटरवर काढून ठेवली तर मिळतात, नाही तर नाही.

जूनमध्ये, वादळ येऊन गेल्यावर, मी पाइपची एक पट्टी द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. सरकत्या खिडकीच्या पट्टीत मातीचे थर बसतात, झाडू जात नाही, काडीने कोरावे लागतात. मावशी तिथे फरशीवर बसून, मशीनला चपटं नोझल लावून, एकेक खाचा ओढत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, याची पिशवी संपत आली. साहेबाले सांगा, ते विसरते."